शिकारी पक्ष्यांचा दीर्घकालीन हिशेब आणि ई-बर्ड: एक परीक्षण

पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी साठवणारी ई-बर्ड ही सेवा अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेने नॅशनल ऑड्युबॉन सोसायटीच्या साथीने २००२ मध्ये सुरू केली. आज भारतात नियमाने पक्षी पाहणाऱ्या बहुतेकांच्या मोबाइलमध्ये तिचे ॲप असते. तिच्याविषयी आजवर जे वाचायला मिळते ते बहुधा ॲपच्या सोयी-गैरसोयींपुरते असते; त्या बाबतीत तक्रारीला फारशी जागा नाही. सेवा विनामूल्य आहे, जाहिराती नाहीत, नेटवर्क नसलेल्या माळरानावरही यादी करता येते आणि चाललेले अंतर ॲप आपणहून मोजते. या परीक्षणात मात्र मी तिला एकच आणि जरा अवघड कसोटी लावणार आहे. घारी, गरुड, ससाणे, भोवत्या आणि गिधाडे हे आपल्याकडचे दिवसा शिकार करणारे किंवा मृत जनावरांवर जगणारे पक्षी दोन-तीन दशकांच्या पल्ल्यात वाढत आहेत की घटत आहेत, हे या सेवेच्या आधारे किती खात्रीने सांगता येते?

ही कसोटी शिकारी पक्ष्यांवरच का, तर मोजणीच्या दृष्टीने यांच्याइतका अडचणीचा पक्षिगट दुसरा नसेल. बुलबुल किंवा साळुंक्या एका फेरीत डझनांनी दिसतात. सापमार गरुडाची एक जोडी मात्र अनेक चौरस किलोमीटरचा प्रदेश व्यापून असते आणि त्या प्रदेशातून सकाळभर फिरूनही ती दिसेलच असे नाही. शिवाय मोठे शिकारी पक्षी दीर्घायुषी असतात. वर्षानुवर्षे घरटी अयशस्वी होत राहिली तरी जुने प्रौढ पक्षी त्याच आकाशात घिरट्या घालत असतात, त्यामुळे संख्या बरी दिसते आणि उतार लागतो तेव्हा तो एकदम लागतो. अशा पक्ष्यांच्या बाबतीत जी पद्धत टिकेल, ती इतरांच्या बाबतीत टिकेलच.

ई-बर्डचे खरे बळ तिच्या एका छोट्या प्रश्नात आहे. यादी पाठवण्यापूर्वी ती विचारते की, तुम्ही ओळखलेले सर्व पक्षी या यादीत आहेत का? ‘होय’ म्हटले की ती यादी पूर्ण यादी ठरते, आणि मग यादीत नसलेल्या पक्ष्यालाही अर्थ प्राप्त होतो. एका तालुक्यात वर्षभरात हजार पूर्ण याद्या झाल्या आणि त्यांपैकी चाळीसच याद्यांत खरुची हा छोटा ससाणा असेल, तर उरलेल्या नऊशे साठ याद्यांनीही खरुचीविषयी काही सांगितलेले असते. नुसत्या ‘मला गरुड दिसला’ अशा आनंदाच्या नोंदी कितीही साठवल्या तरी त्यांतून हे हाती लागत नाही, कारण गरुड न दिसल्याचे कोणी लिहून ठेवत नाही. यादीबरोबर वेळ, कालावधी आणि अंतर यांचीही नोंद होत असल्याने दहा मिनिटांची यादी आणि तीन तासांची यादी एकाच मापाने मोजली जात नाही. पक्ष्यांची संख्या लिहिण्याऐवजी केवळ फुली देऊन उपस्थिती नोंदवण्याची सवलतही सेवा देते. ती सवलत नवशिक्यांसाठी योग्य असली तरी आकाशात फिरणाऱ्या घारींच्या बाबतीत आळसाला आमंत्रण देणारी आहे, असे माझे मत आहे.

आता पहिला आक्षेप. ई-बर्डच्या संकेतस्थळावर कोणत्याही जिल्ह्याचा किंवा राज्याचा एखाद्या प्रजातीचा आलेख दोन क्लिकमध्ये समोर येतो, आणि तो पाहून कोणालाही वाटेल की हाच त्या पक्ष्याचा वाढ-घटीचा आलेख. तसे नाही. त्यात शंभर याद्यांमागे किती याद्यांत तो पक्षी आला एवढेच दिसते. पूर्वी ज्या जिल्ह्यात मोजके लोक फक्त धरणाच्या पाणथळीवर जात होते, तिथे आता शेकडो लोक आपापल्या गच्चीवरून पंधरा मिनिटांच्या याद्या करू लागले, तर दलदली भोवत्याची टक्केवारी कोसळलेली दिसेल. पक्षी मात्र होता तेवढाच असेल. गच्च्यांवरून कापशी किंवा शिक्रा अधूनमधून दिसेल, भोवत्या कशाला दिसेल? हा आलेख मोसम समजून घ्यायला उत्तम आहे. स्थलांतरित खरुची कधी येते आणि कधी जाते हे तो छान दाखवतो. पण वर्षांच्या तुलनेसाठी तो तसाच उचलून लेखात वापरणे धोक्याचे आहे, आणि हे बजावणारी ठळक सूचना त्या आलेखालगतच असायला हवी, असे मला आग्रहाने वाटते.

कच्च्या याद्यांपासून भरवशाच्या निष्कर्षापर्यंत नेणारी पायरी भारतात वेगळी आहे. ई-बर्डवरील नोंदींच्या आधारे देशातील अनेक संशोधन व संवर्धन संस्थांनी मिळून ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल प्रथम २०२० मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. दुसऱ्या अहवालात सुमारे तीस हजार निरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदींवरून ९४२ प्रजातींचे मूल्यमापन आहे. त्यांपैकी ३३८ प्रजातींचाच दीर्घकालीन कल ठरवता आला आणि त्यांतल्या ६० टक्के प्रजाती घटलेल्या आढळल्या. हे करताना देशाची पंचवीस-पंचवीस किलोमीटरच्या चौकटींत विभागणी केली जाते, म्हणजे याद्यांचा पूर असलेल्या शहरांनी बाकीच्या प्रदेशाला झाकून टाकू नये. आणि यादीत एकूण किती प्रजाती आहेत यावरून निरीक्षणाच्या श्रमाचा अंदाज घेतला जातो. ही पद्धत जिथे वापरली आहे, तिथला आलेख आणि ई-बर्डवरचा साधा आलेख यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

या अहवालाच्या संकेतस्थळाचे मला विशेष कौतुक वाटते ते एका कारणासाठी: तिथे प्रत्येक आलेखाच्या रेषेभोवती अनिश्चिततेचा पट्टा दाखवलेला असतो आणि पुरावा अपुरा असेल तिथे ‘कल अनिश्चित’ असे सरळ लिहिलेले असते. प्रत्येक पक्ष्याविषयी काहीतरी ठाम बोलण्याचा मोह टाळणे सोपे नसते. दीर्घकालीन बदलासाठी २००० पूर्वीचा काळ पाया धरला आहे, आणि अलीकडच्या वार्षिक बदलासाठी २०१५ नंतरचा. दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचले की चित्र उलगडते. एखादा पक्षी पूर्वी घसरून आता स्थिरावला आहे, की पूर्वी टिकून होता आणि आता घसरू लागला आहे, हे त्यावरून कळते. आहारानुसार केलेल्या विभागणीत फळे आणि मध यांवर जगणारे पक्षी बऱ्यापैकी टिकून आहेत, तर मांसाहारी आणि मृतभक्षी पक्षी मोठ्या प्रमाणावर घटले आहेत असा निष्कर्ष आहे. उघड्या माळांवर आणि गवताळ प्रदेशांत राहणाऱ्या शिकारी पक्ष्यांची स्थिती त्यांत अधिक चिंतेची आहे. आपल्याकडे माळरान म्हणजे पडीक जमीन, असा सरकारी आणि बिनसरकारी समज असल्याने हे अनपेक्षित नाही.

मात्र २००० पूर्वीच्या या पायाविषयीच माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे, आणि तो गिधाडांच्या उदाहरणाने नीट कळतो. पांढऱ्या पुठ्ठ्याचे गिधाड एके काळी जगातील सर्वांत विपुल मोठ्या शिकारी पक्ष्यांपैकी मानले जाई. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात ठरावीक रस्त्यांवरून वाहनाने जात गिधाडांची मोजणी झाली होती. त्याच रस्त्यांवर ती पुढे पुन्हा पुन्हा केली गेली, आणि १९९२ ते २००७ या काळात या प्रजातीची घट सुमारे ९९.९ टक्के असल्याचे दिसून आले. लांब चोचीचे आणि बारीक चोचीचे गिधाड मिळून सुमारे ९७ टक्के घटले. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात ही घसरण १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातच लक्षात आली होती. गुराढोरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारताने त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांसाठी वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये कुपीचे आकारमान तीन मिलिलिटरपुरते मर्यादित केले गेले. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांच्या पशुवैद्यकीय वापरावरही बंदी आली.

आता या काळाशी ई-बर्डचा काळ ताडून पाहावा. सेवा सुरू झाली २००२ मध्ये, आणि भारतात तिचा वापर खऱ्या अर्थाने वाढला त्याच्याही दहा-बारा वर्षांनंतर. म्हणजे निरीक्षकांचा मोठा समुदाय याद्या पाठवू लागला तेव्हा गिधाडे जवळजवळ संपलेली होती. २००० पूर्वीचा पाया धरण्यासाठी जुन्या याद्या उपयोगी पडतात खऱ्या, पण त्या मोजक्या आहेत, आणि १९८० च्या दशकातली विपुलता व १९९९ मधली ओसाडी दोन्ही त्या एकाच पायात मिसळलेल्या आहेत. त्यामुळे अशा आलेखात गिधाडांची जी घट दिसते ती प्रत्यक्षातल्या घटीपेक्षा सौम्य असते. ज्या पक्ष्याचा कडेलोट पायाच्या काळातच झाला, त्याचा हिशेब ही सेवा देऊच शकत नाही. तो हिशेब रस्त्यांवरच्या त्या मोजणीनेच दिला. अहवालकर्त्यांना ही मर्यादा ठाऊक असणारच, पण आलेख पाहणाऱ्या सामान्य वाचकाला ती गिधाडाच्या पानावरच समजली पाहिजे.

जुन्या याद्यांची आणखी एक गंमत आहे. ई-बर्ड पूर्वीच्या टिपणवह्यांतील नोंदी भरण्याची सोय देते आणि ती सोय अमूल्य आहे. पण पूर्वीचे निरीक्षक घार लिहीतच नसत. घार, कावळा, चिमणी हे काय लिहायचे पक्षी आहेत का, अशी ती वृत्ती असे. अशी वही उतरवताना कोणी ‘पूर्ण यादी’ म्हणून खूण केली, तर १९८० मध्ये गावात घार नव्हती आणि आज आहे, असा विचित्र अर्थ निघू शकतो. जुन्या वह्या भरणाऱ्यांनी शंका असेल तिथे यादी अपूर्ण म्हणूनच नोंदवावी; तिचा उपयोग मग मर्यादित होतो, पण ती दिशाभूल तरी करत नाही. घारीच्या बाबतीत हिवाळ्याचाही घोळ असतो. मध्य आशियाकडून येणारी मोठ्या अंगाची, काळ्या कानांची घार स्थानिक घारींत मिसळते. ई-बर्डवर ही उपप्रजाती स्वतंत्रपणे नोंदवता येते, परंतु फार थोडे निरीक्षक तेवढा त्रास घेतात. दिल्लीसारख्या शहरात घारींच्या घरट्यांची दाटी जगात क्वचितच आढळेल इतकी आहे, आणि तिथे घरट्यांचा प्रत्यक्ष अभ्यास झालेला असल्याने यादीवरचे अवलंबित्व कमी आहे. बाकीच्या शहरांना ती चैन नाही.

भोवत्यांची अडचण आहे ती त्यांना एकमेकांपासून वेगळे ओळखण्याची. माँटेग्यूचा भोवत्या आणि पॅलिड भोवत्या यांचे प्रौढ नर दुर्बिणीतून वेगळे करता येतात. माद्या आणि पिल्ले यांनी अनुभवी निरीक्षकांनाही घाम फोडला आहे. कॅमेरे स्वस्त झाल्यावर उडत्या पक्ष्याचे छायाचित्र घरी मोठे करून पाहता येऊ लागले आणि नेमकी ओळख वाढली. त्यामुळे अलीकडच्या याद्यांत पॅलिड भोवत्या नावानिशी जास्त वेळा येणे याचा अर्थ तो वाढला असा होत नाही. ई-बर्डने या दोघांसाठी ‘हा किंवा तो’ असा जोडपर्याय ठेवला आहे, तो मला या सेवेतील सर्वांत प्रामाणिक पर्याय वाटतो, आणि शंका असताना तो न वापरता एक नाव ठोकून देणाऱ्यांमुळे पुढच्या अभ्यासाचे नुकसान होते.

भोवत्यांविषयी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हे पक्षी दिवसभर माळांवर विखुरतात आणि संध्याकाळी गवतात एकत्र रात्रमुक्कामाला उतरतात. गुजरातमधील वेळावदरच्या काळवीट राष्ट्रीय उद्यानातील त्यांचा मुक्काम जगातील मोठ्या मुक्कामांपैकी गणला जातो. अशा ठिकाणी सूर्यास्तापूर्वी बसून, दरवर्षी त्याच जागेवरून, उतरणारे पक्षी मोजले तर त्यातून जे कळते ते दिवसभर विखुरलेल्या शेकडो याद्यांतून कळत नाही. वेळावदरमध्ये पूर्वीच्या मानाने पक्षी खूप कमी झाले, ही गोष्ट याच पद्धतीने उजेडात आली. ई-बर्डवर अशी स्थिर जागेवरची यादी करता येते. पण ही मुक्कामाची मोजणी आहे हे यंत्रणेला वेगळे कळत नाही, ते शेऱ्यात लिहावे लागते, आणि शेरे आकडेवारीत मिसळत नाहीत.

उलट दिशेने पाहता एक दोष सेवेचा नाही, आपला आहे. आपण पक्षी पाहायला पहाटे निघतो आणि ऊन चढले की परततो. गरुड, गिधाडे आणि तिसा यांसारखे पक्षी मात्र जमीन तापून हवेचे वर चढणारे प्रवाह तयार झाल्यावर आकाशात येतात. सकाळी सहा ते आठच्या यादीत नसलेला गरुड साडेदहाला त्याच डोंगरावर तरंगत असतो. याद्यांचे तास दरवर्षी सारखेच राहिले तर तुलना बिघडत नाही, आणि यादीची सुरुवातीची वेळ नोंदलेली असल्यामुळे विश्लेषणात तिचा हिशेब धरता येतो. पण मोठ्या गरुडांचे आकडे इतके विरळ असण्याचे हे एक कारण नक्कीच आहे. बिकानेरजवळच्या जोरबीडसारख्या ठिकाणी, जिथे मेलेली जनावरे टाकली जातात आणि हिवाळ्यात स्टेप गरुड व गिधाडे शेकड्यांनी जमतात, याच्या नेमके उलट घडते. छायाचित्रकार मुद्दाम तिथे जातात, याद्यांची गर्दी होते, आणि चौकटींची पद्धत नसती तर राजस्थानात गरुड वाढले असेच वाटले असते.

नोंदींच्या तपासणीविषयी थोडक्यात. प्रत्येक प्रदेशात महिन्यागणिक अपेक्षित संख्येची मर्यादा ठरवलेली असते, तिच्याबाहेरची नोंद स्वयंसेवी परीक्षकाकडे जाते आणि तो पुरावा मागतो. हे काम विनावेतन होते, म्हणून कधी उशीर होतो. पण ते झाले नसते तर प्रत्येक जिल्ह्यात बहिरी ससाण्यांचा सुळसुळाट झाला असता. ज्या पक्ष्यांना पकडले जाण्याचा धोका आहे, त्यांची नेमकी ठिकाणे सेवा उघड करत नाही. ससाण्यांचा व्यापार जिवंत असताना हे योग्यच आहे, मग एखाद्या छायाचित्रकाराची निराशा झाली तरी चालेल.

तुलनेसाठी इतर पद्धतींकडे पाहिले की ई-बर्डची जागा स्पष्ट होते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या हॉक माउंटनवर १९३४ पासून, महायुद्धाच्या काळातील खंड वगळता, दर शरद ऋतूत एकाच खडकावरून स्थलांतर करणारे शिकारी पक्षी मोजले जातात. डीडीटी या कीटकनाशकाच्या काळात टकल्या गरुडाची पिल्ले कमी होत गेल्याचे तिथल्या नोंदींत उमटले होते. आफ्रिकेत वेगवेगळ्या देशांतील रस्त्यांवरची जुनी आणि नवी मोजणी एकत्र करून ४२ शिकारी प्रजातींपैकी ३७ घटल्याचे २०२४ मध्ये दाखवले गेले. आपल्याकडे केरळने २०१५ ते २०२० या काळात सर्व राज्याचा पक्षी-नकाशा तयार केला. त्यासाठी आधीच निवडलेल्या छोट्या चौकटींत स्वयंसेवक ठरवून गेले, आणि विशेष म्हणजे त्याच्या याद्या ई-बर्डवरच भरल्या गेल्या. हे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते. तीच सेवा, तेच ॲप, पण कुठे आणि केव्हा जायचे हे आधी ठरलेले. स्वतः ई-बर्डनेही मोठा पल्ला गाठला आहे. उत्तर अमेरिकेतील ४९५ प्रजातींचा २००७ ते २०२१ मधला बदल २७ किलोमीटरच्या चौकटींत मांडणारा २०२५ मधला अभ्यास याच याद्यांवर उभा आहे. घनदाट याद्या असतील तर काय साधते हे त्यावरून दिसते.

तेव्हा माझा कौल असा आहे. शिक्रा, कापशी, घार, ब्राह्मणी घार अशा सर्वदूर पसरलेल्या आणि वारंवार दिसणाऱ्या शिकारी पक्ष्यांसाठी ई-बर्डच्या याद्या, आणि त्यांवर आधारलेला राष्ट्रीय अहवाल, आज आपल्याकडे उपलब्ध असलेले सर्वोत्तम साधन आहे. त्याला जवळपास पर्याय नाही. भोवत्यांसाठी ते साधन अर्धे आहे, मुक्कामांच्या मोजणीची जोड दिली तरच पुरे होते. गिधाडांसाठी आणि मोठ्या गरुडांसाठी ठरावीक रस्त्यांवरची व घरट्यांची मोजणीच मुख्य धरावी आणि याद्यांना पूरक पुरावा मानावे. नागालँडमधून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये प्रचंड थव्यांनी जाणारा आणि मग वाऱ्यावर स्वार होऊन काही दिवसांत देश ओलांडणारा अमूर ससाणा तर याद्यांच्या जाळ्यात नीट सापडणारच नाही; त्याच्या वार्षिक टक्केवारीवरून काहीही अनुमान काढू नये.

सेवेकडून माझी मागणी एकच आहे आणि तांत्रिकदृष्ट्या ती फार अवघड नसावी. एखाद्या निरीक्षकाने किंवा गटाने एक रस्ता, एक टेकडी किंवा एक गवताळ मुक्काम ‘दरवर्षी हाच’ म्हणून नोंदवावा, ॲपने त्याला वर्षातील त्या आठवड्यात आठवण करून द्यावी, आणि अशा पुनरावृत्तीच्या याद्या आकडेवारीत वेगळ्या ओळखू याव्यात. तोवर ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी साडेनऊनंतरचा तास राखून ठेवावा, फुलीऐवजी संख्या लिहावी, संशयास्पद भोवत्याला जोडपर्यायातच ठेवावे आणि ज्या सकाळी एकही शिकारी पक्षी दिसला नाही त्या सकाळचीही पूर्ण यादी न चुकता पाठवावी.